काना काढा

मुलीसाठी सगळ्यात सोपं मराठी नाव कोणतं, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून 'सई' सांगेन. दोन अक्षरं. जोडाक्षर नाही, रफार नाही, ऋ-ज्ञ-ष ही मानी मंडळी तर नाहीतच. सगळ्यात तापदायक नाव विचारलंत, तरी उत्तर तेच. कारण ते इंग्रजीत लिहावं लागतं.

एस, ए, आय. झालं! त्या 'ए'ला अ आणि आ सारखेच. सईला फुकटचा काना चिकटतो आणि तिची साई होते. मग बँकेचा फोन 'साई सर' यांना येतो, कुरिअरवाला 'साईभाऊ आहेत का' म्हणून विचारतो. त्यांना तरी काय बोलणार? तेलुगू मुलखात साई हे मुलग्यांचं नेहमीचं नाव. बॅडमिंटनपटू साई प्रणीतचं स्पेलिंगही हेच.

बरं, हे नाव काही कालपरवाचं नाही. मूळ संस्कृत 'सखी'. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ख, घ, ध, भ यांचा जोरच निघून जातो, मागे नुसता 'ह' राहतो. मुखाचं 'मुह', मेघाचा 'मेह', तशी सखीची 'सही'. हाल सातवाहन राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहात बायका 'सहि' अशी हाक मारून मैत्रिणीपाशी मन मोकळं करतात. पुढे तो 'ह'ही गळाला आणि सई उरली. जात्यावरच्या ओव्यांत तीच 'सये' होऊन येते. कागदावरची सही मात्र अरबीतून आलेली, हिची कुणी नव्हे. बंगालीत तर मैत्रीणही 'सइ' आणि स्वाक्षरीही 'सइ'. तिथे सईने सई केली तर व्याकरणाला घाम फुटेल.

शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीसाहेब सईबाई, फलटणच्या निंबाळकरांच्या कन्या. १६५७ साली पुरंदरावर त्यांच्या पोटी संभाजीराजे जन्मले. १६५९ साली राजगडावर त्या वारल्या. त्या काळी कागद मोडीत लिहीत. मोडी वाचायला कठीण खरी, पण तिने सईबाईंना कुणाचं स्पेलिंग विचारलं नाही.

आता उपाय. 'एस-ए-वाय-ई-ई' लिहिलंत तर इंग्रजी शाळेत शिकलेला माणूस पहिली तीन अक्षरं 'से' वाचतो आणि पुढे 'ई' जोडतो. 'एस-ए-ई-ई'समोर तो काही क्षण नुसता उभा राहतो. 'एस-ए-वाय-आय'ची सायी होते, म्हणजे दुधावरची. माझं मत एस-ए-आयलाच: चूक होणारच, तर निदान तीन अक्षरांत आटपावी. खरा घोळ दोन स्पेलिंगांनी होतो. दाखल्यावर एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं झालं की प्रतिज्ञापत्र, राजपत्र अशी वारी सुरू. त्यामुळे जन्मनोंदणीत जे घालाल तेच पासपोर्टपर्यंत न्या. नाव ठरत नसेल तर घाई नको. जन्मनोंदणीत नाव भरायला बारा महिने विलंब शुल्क पडत नाही, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत भरता येतं. मुलगी तोवर दहावीला येते, म्हणजे तिचंच मत घेता येईल.

हाकेला मात्र हे नाव फर्स्टक्लास. शेवटचा दीर्घ ई तिसऱ्या मजल्यावरून मैदानापर्यंत ताणता येतो: सईऽऽऽ! लाडाचं नाव करायला जागाच नाही, म्हणून लोक उलट लांबवतात. सयू, सयुली, सईटली. चिडवायला 'सुई' तयारच असते.

आधारच्या केंद्रावर मात्र चष्मा घालून जा. कर्मचारी इंग्रजीत नाव टाइप करतो, खालची मराठी ओळ यंत्र आपोआप भरतं, आणि ते काना द्यायला फार उदार. पावती छापण्याआधी पडदा आपल्याकडे वळवायला सांगा, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवा आणि शांतपणे म्हणा, "दादा, तेवढा काना काढा."

तो ओळीकडे बघतो, तुमच्याकडे बघतो आणि विचारतो, "मग 'सी' लिहू का?"