किनाऱ्याचा सातबारा कुणी पाहिलाय?

'जमीनमालकांनो, जागे व्हा' असा एक मेसेज कोकणातल्या वाड्यावाड्यांच्या ग्रुपवर फिरतोय. म्हणणं असं : किनारा लगतच्या मालकाचा, थेट पाण्यापर्यंत. सातबाऱ्यावर वाट नसेल तर वहिवाट कितीही जुनी असो, हक्क शून्य. न विचारता पाऊल टाकलं तर अजामीनपात्र गुन्हा. आणि परदेशातही असंच असतं म्हणे. खाली 'वकिलांकडून खात्री केलेले'. कुठले वकील, ते विचारायचं नाही.

मी दुर्लक्षच केलं असतं. पण तो आमच्या आत्याने वाचला. पाखाडीच्या, म्हणजे किनाऱ्याकडे जाणाऱ्या गावच्या पायवाटेच्या, तोंडाशी एका रिसॉर्टने 'खासगी मालमत्ता' अशी पाटी ठोकलीय. आता ही सत्तरीतली बाई रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यातली, मासळी आणायला भर उन्हात डांबरी रस्त्याने वळसा घेते. का, तर केस होईल!

किनाऱ्याचंच आधी घेऊ, कारण एवढा धडधडीत खोटेपणा दुसऱ्या कुठल्या मुद्द्यात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 20 काढून वाचा. भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाड्यांचा तळ राज्य सरकारचा. सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, पायवाटाही त्याच कलमात. म्हणजे भरतीची रेषा आली की तुमचा सातबारा संपला. त्यापुढच्या वाळूत खुर्च्या मांडून 'फक्त पाहुण्यांसाठी' म्हणणारा सरकारी जागेवर दुकान थाटून बसलाय. रेषेच्या वरही मनमानी चालत नाही. सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांसाठीचे केंद्राचे नियम 1991 पासून सांगतात, की दोन रिसॉर्टच्या मध्ये लोकांना किनाऱ्यावर जायला किमान 20 मीटर जागा मोकळी सोडायची. कुंपणाला परवानगी मिळाली तरी त्याने ही वाट अडता कामा नये. मेसेज लिहिणाऱ्याने रापण ओढताना कधी पाहिली नसावी. वाळू खासगी झाली तर होड्या कुठे ओढून ठेवायच्या, स्विमिंग पुलात?

गुन्ह्याचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 329 आहे. त्यात गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा इरादा लागतो. मासळीची पिशवी घेऊन चालणं म्हणजे इरादा नव्हे. शिवाय साधा अतिक्रमणाचा गुन्हा जामीनपात्र आहे. पुढे.

सातबाऱ्याच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. कुणाच्याही कलमांच्या बागेत घुसून भटकायचा हक्क आपल्याकडे नाही. ऐन आंब्याच्या दिवसांत गडगा उडी मारून आत शिरणारे आणि बाटल्या फोडून जाणारे पर्यटक पाहिले, की बागायतदाराची चीड कळते. पण त्याचा राग गावाच्या पाखाडीवर कशाला? 1882 चा सुविधाधिकार कायदा सांगतो, की सलग 20 वर्षं उघडपणे, बिनअडथळा, हक्काने वापरलेल्या वाटेवर हक्क मिळतो. सातबाऱ्यावर नोंद नाही म्हणून तो उडत नाही. तलाठ्याकडचा गावनकाशाही बघा, कित्येक पायवाटा त्यात तुटक रेघेने दाखवलेल्या असतात. वाट शेताकडे किंवा चरणीकडे जाणारी असेल तर मामलेदार न्यायालय कायदा, 1906 खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. फक्त अडवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायला हवा. आमच्या लोकांची गोची तिथेच होते, 'जाऊ दे, शेजारीच आहेत' म्हणत पावसाळा काढतात.

परदेशाचं तर उलटंच. स्कॉटलंडने 2003 मध्ये कायदा करून माळ, डोंगर, किनारे सगळ्यांना पायी फिरायला खुले केले. घराचं आवार आणि उभं पीक वगळून, हे ओघाने आलंच.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये नाही आणि जास्त धोक्याची आहे. हल्ली काही ठिकाणी गेटवरचा माणूस गावकऱ्यांसमोर वही सरकवतो, 'नाव लिहा, सही करा, मग जा'. करू नका. 20 वर्षांचा हक्क परवानगीने चालणाऱ्याला मिळत नाही, आणि उद्या कोर्टात 'आम्हीच यांना सोडत होतो' म्हणायला ती वही पुरते. आत्यालाही हेच सांगितलंय.