घड्याळ भाजल्यापासून चालू होतं

भाजलेल्या रुग्णाला जवळच्या रुग्णालयात न्यायचं की थेट बर्न सेंटरला, यावर मायदेशात पुन्हा वाद रंगलाय. ‘मध्ये थांबू नका, पळवा’ म्हणणाऱ्यांना टाळ्या जास्त. इथून, परदेशातून, वाचताना चीड येते ती याची, की सगळा दोष अंतरावर ढकलला जातो. इथेही मोठी केंद्रं मोजकीच आहेत, रुग्ण दोन-दोन तास प्रवास करून येतो. पण येतो तो सलाइन चालू असलेला, आणि चिठ्ठीवर भाजल्याची वेळ लिहिलेला.

सलाइनचं सगळं गणित त्या वेळेवर आहे. ६० किलोच्या माणसाचं ३० टक्के अंग भाजलं, तर पार्कलँड सूत्राप्रमाणे (दर किलोला, दर टक्क्याला ४ मिली) ४ × ६० × ३०, म्हणजे २४ तासांत ७२०० मिली रिंगर लॅक्टेट हे सलाइन. त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे तास भाजल्यापासूनचे, दाखल झाल्यापासूनचे नव्हेत. लगेच सुरू केलं तर ताशी ४५० मिली. चार तास कोरडे गेले तर ताशी ९००. तोवर रक्तदाब घसरलेला, शीर सापडत नाही, मूत्रपिंडं थकलेली. घाईघाईने ओतलेलं पाणी मग फुप्फुसांत आणि पोटात साचतं. म्हणून सूत्र फक्त सुरुवातीपुरतं. पुढचा वेग लघवी ठरवते. या रुग्णात ती ताशी ३० मिलीच्या आसपास हवी. नुसती लाल झालेली त्वचा टक्क्यांत धरायची नसते. (ही चूक इथेही होते, बरं का.)

धुरात कोंडलेला, आवाज घोगरा, थुंकीत काजळी: असा रुग्ण ‘बोलतोय की’ म्हणून रवाना केला, तर सूज वाढून वाटेतच गुदमरू शकतो. श्वासाची नळी रुग्णाला रवाना करण्याआधीच घालायची. पळवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. हात सभोवार खोल भाजला असेल तर त्वचा चामड्यासारखी ताठरते, आत सूज येऊन रक्त अडतं. ती ताठर त्वचा मोकळी करणारा छेद काही तास लांबला की स्नायू मरतात.

दुसरा उशीर दिवसांचा, आणि त्याबद्दल तिकडे कोणी बोलतच नाही. आजच्या स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या सर्जन झोरा यान्झेकोविच यांनी १९७० सालीच मांडलं होतं, की मेलेली त्वचा पहिल्या काही दिवसांतच तासून त्वचारोपण करावं. ती आपोआप सुटायची वाट पाहिली की आठवडे जातात, जंतू शिरतात. तीन आठवड्यांत न भरलेली जखम बहुधा जाड वण ठेवते. सांध्यावर असेल तर सांधा आखडतो.

हे ठणकावणं इथून सोपं आहे. तासातासाला लघवी मोजायला खाटेजवळ नर्स लागते, ती इथे असते. ‘आपल्याकडे’ लिहावं की ‘तुमच्याकडे’, हे अजून ठरत नाही. दोन्ही शब्द खोडून शेवटी ‘तिकडे’ लिहिलं.

तरी रेफरच्या चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहायला कुठलं सेंटर लागत नाही: भाजल्याची वेळ, वजन, टक्के, दिलेलं सलाइन, झालेली लघवी.