वॉटचे आकडे आणि मांजरीचे केस
घरात मांजर आहे, असे स्पष्ट सांगूनही प्रत्येक विक्रेता व्हॅक्यूम क्लीनरचे वॉटच का ऐकवतो? वॉट म्हणजे यंत्र किती वीज खाते त्याचा आकडा. सोफ्याच्या विणीत रुतलेले केस ते उपसून काढेलच, याची हमी नव्हे! खोक्यावर हसरा कुत्रा छापला की यंत्र 'पाळीव प्राण्यांसाठी खास' ठरते आणि किंमत चढते. आत मात्र तोच ब्रश, ज्याच्या रुळावर दुसऱ्याच दिवशी केसांची दोरी वळली जाते आणि आपण फरशीवर मांडी घालून ती कात्रीने कापत बसतो. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर आहे का, असे विचारावे, तर उत्तर मिळते, 'हेपासारखा आहे.' हेपासारखा म्हणजे काय? मच्छरदाणी मागितली, तर मासे धरायचे जाळे देणार का?