आकडा वाढला म्हणजे किडनी जोमात आहे, असे नव्हे

नागपुरात पारा पंचेचाळिशीकडे सरकत असताना एक संदेश घरोघरच्या मोबाइलवर फिरतो आहे. त्याचा आशय असा: हृदय स्वतःच लघवी वाढवणारे संप्रेरक तयार करते, रक्त तपासणीत त्याचा आकडा जास्त आला तर किडन्या जोमाने मीठ आणि पाणी बाहेर टाकत आहेत असे समजावे, म्हणून हृदयाच्या रुग्णांनी लघवीची गोळी बंद करावी, मिठाची चिंता सोडावी आणि रोज पाच लिटर पाणी प्यावे.

यातील पहिले विधान खरे आहे, आणि म्हणूनच पुढची सगळी खरी वाटतात. १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदराच्या अलिंदाचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा, अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा काही मिनिटांतच त्यांच्या लघवीचे आणि तिच्यातील सोडियमचे प्रमाण झपाट्याने वाढले. रक्ताचे आकारमान वाढून अलिंद ताणले गेले की एएनपी हे संप्रेरक स्रवते. ते मूत्रपिंडातील गाळण्यांकडे रक्त आणणारी बारीक वाहिनी रुंदावते, रक्त बाहेर नेणारी आकुंचित करते, पुढच्या नलिकांतून सोडियम परत शोषले जाण्यास अडथळा आणते आणि शरीरात मीठ धरून ठेवायला लावणाऱ्या रेनिन व अल्डोस्टेरॉन यांनाही आवर घालते. बीएनपी हे त्याचेच भावंड. १९८८ मध्ये ते प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले, पण माणसात ते प्रामुख्याने हृदयाची निलये, म्हणजे खालचे कप्पे, तयार करतात.

दुसरे विधान मात्र साफ उलटे आहे. बहुतेक अहवालांत जो आकडा छापलेला असतो, तो एनटी-प्रोबीएनपीचा असतो. १०८ अमिनो आम्लांच्या मूळ साखळीचे दोन तुकडे होतात: ३२ अमिनो आम्लांचे बीएनपी, जे काम करते, आणि ७६ अमिनो आम्लांचा हा उरलेला तुकडा, ज्याचा मूत्रपिंडावर कोणताही परिणाम होत नाही. प्रयोगशाळा तो मोजते, कारण तो रक्तात अधिक काळ टिकतो. शिवाय त्याचा निचरा मोठ्या प्रमाणात मूत्रपिंडातूनच होत असल्याने मूत्रपिंड मंदावले की हृदयावरचा ताण तेवढाच राहूनही आकडा चढतो. म्हणजे संदेश ज्या आकड्याला किडनीच्या जोमाची खूण म्हणतो, तो किडनी थकल्यामुळेही वाढलेला असू शकतो. तो संदेश वाचून कोणी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी, रक्त तपासणी टाळली असेल, तर ती त्वरित करून घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मग संप्रेरक भरपूर असूनही पायांना सूज का येते? हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय रक्त पुढे ढकलण्यात कमी पडते तेव्हा, मूत्रपिंडाला पुरेसे रक्त मिळत नाही. त्याला शरीरच कोरडे पडल्यासारखे वाटते आणि रेनिन, अल्डोस्टेरॉन व अनुकंपी चेतासंस्था (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे) मीठ धरून ठेवण्यासाठी जोर लावतात. या ओढाताणीत हृदयाच्या संप्रेरकाची बाजू लंगडी पडते. बाहेरून भर घालून पाहण्याचाही प्रयत्न झाला आहे. नेसिरिटाइड हे कृत्रिम बीएनपी सुमारे सात हजार रुग्णांवर तपासले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत मूत्रपिंडाचे कार्य सुधारल्याचे दिसले नाही. औषध म्हणून शिरेतून दिलेले संप्रेरक जिथे पुरले नाही, तिथे शरीरातले आपोआप पुरेल या भरवशावर लोणचे, पापड आणि चिवडा मोकळेपणाने खाणे धोक्याचे आहे.

पाणी आणि गोळी यांबाबत नागपूरच्या उन्हाचा विचार करावाच लागतो, कारण इथे घामाने खरोखर मीठ-पाणी जाते. रक्ताचे आकारमान घटले की अलिंदाचा ताण कमी होतो आणि एएनपीही घटते. निरोगी माणसाने तहानेप्रमाणे भरपूर पाणी प्यावे, हे योग्यच आहे. पण सूज असलेल्या रुग्णाने पाच लिटर पाणी पिणे आणि त्याच वेळी गोळी थांबवणे, या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने, फुप्फुसांत पाणी साचण्याकडे, नेतात. उलट जुलाब, उलट्या किंवा लू लागल्यास तीच गोळी मूत्रपिंडाला जड जाऊ शकते, म्हणून तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी. एरवी रोज सकाळी लघवी करून, काही खाण्यापूर्वी वजन करून लिहून ठेवावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.