१५ किलोओहम, ६०० ओहम आणि आपला आक्षेप

नमस्कार. ६एसएन७ या व्हॅक्यूम ट्यूबच्या लाइन स्टेजसाठी (पॉवर अँप्लिफायरच्या आधीच्या टप्प्यासाठी) मी माझ्या लेखात १५ किलोओहम ते ६०० ओहमचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर सुचवला होता. ६०० ओहम हा टेलिफोनच्या तारांच्या काळातला आकडा आहे, आजच्या पॉवर अँप्लिफायरचा इनपुट ४७ किलोओहमचा असतो, तेव्हा इथे मेळच बसत नाही आणि त्यापेक्षा कॅथोड फॉलोअर (ट्यूबच्या कॅथोडवरून आउटपुट घेणारी, ट्रान्सफॉर्मर नसलेली जोडणी) स्वस्तात तेच काम करतो, असे आपण लिहिले आहे.

इतिहास आपला बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही. ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा असा इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा, एसी प्रवाहाला होणारा विरोध) नसतो. सेकंडरीला, म्हणजे आउटपुटच्या वेढ्यांना, जो भार जोडावा, तो वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतक्या पटीने प्रायमरीकडे, म्हणजे ट्यूबच्या बाजूच्या वेढ्यांकडे, दिसतो. इथे वेढे ५:१ आहेत, म्हणून आपले ४७ किलोओहम ट्यूबला सुमारे १.१८ मेगओहम भासतात, आणि इतका हलका भार ट्यूबला मानवतो, कारण मधल्या स्वरांत डिस्टॉर्शन कमी होते.

खरी अडचण खर्जात आहे, आणि ती मी लेखात पुरेशी मांडली नव्हती. तिथे ट्यूबवरचा मुख्य भार म्हणजे प्रायमरीचा इंडक्टन्स (हेन्रीमध्ये मोजला जाणारा हा गुण स्वर जितका खालचा, तितका कमी विरोध करतो). ६एसएन७मध्ये दोन ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचे प्रवर्धक भाग) असतात; त्यांतल्या एकाचा अंतर्गत रोध ७.७ किलोओहम आणि प्रायमरी ५० हेन्रीची धरली, तर २५ हर्ट्झच्या जवळच आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो. दोन्ही ट्रायोड समांतर जोडल्यास ही मर्यादा १२ हर्ट्झपर्यंत खाली जाते खरी, पण डीसी प्रवाहही दुप्पट होतो, त्यासाठी कोअरमधली (लोखंडी गाभ्यातली) एअर गॅप, म्हणजे हवेची फट, वाढवावी लागते आणि गॅप वाढली की इंडक्टन्स घटतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर घेताना ओहमच्या आकड्यांपेक्षा हेन्री विचारावेत, तेही आपल्या ट्यूबचा प्रवाह प्रायमरीतून वाहत असतानाचे.

कॅथोड फॉलोअरचा आउटपुट इम्पीडन्स याच ट्यूबवर चारशे ओहमच्या आत येतो. ट्रान्सफॉर्मरचा ७.७ किलोओहम भागिले २५, म्हणजे ३०८ ओहम, अधिक वेढ्यांचा रोध. म्हणजे या बाबतीत दोघे जवळजवळ बरोबरीचे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु फॉलोअरचे प्रवर्धन एकाहून कमी असते, ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीत ते सुमारे चारपट मिळते. शिवाय सेकंडरी ग्राउंडपासून सुटी ठेवता येते, आणि दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून शिरणारा हम (विजेची गुणगुण) घालवण्यासाठी मला तरी याहून खात्रीचा उपाय ठाऊक नाही.

मेळ नसल्याचा आपला मुद्दा एका ठिकाणी मात्र अचूक लागू पडतो. सेकंडरीवर भार फारच हलका असला, तर लीकेज इंडक्टन्स (दोन्ही वेढ्यांना सामायिक नसलेल्या चुंबकीय क्षेत्राचा इंडक्टन्स) आणि वेढ्यांमधली कपॅसिटन्स मिळून वरच्या टोकाला, म्हणजे उंच स्वरांत, उंचवटा येतो. त्यासाठी सेकंडरीच्या दोन टोकांमध्ये एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एकापुढे एक जोडावेत, आणि त्यांची मूल्ये स्क्वेअर वेव्ह देऊन ऑसिलोस्कोपवर पाहत ठरवावीत, तीही नेहमीची केबल आणि अँप्लिफायर जोडलेले असताना.