‘थिएटरचं दार’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर,

ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू कसे मोजतात, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. सर्जनवार आकडे जाहीर झाले की सर्जन जोखमीचे पेशंट टाळतात, न्यूयॉर्कमध्ये हेच झालं. छोट्या युनिटमध्ये दोन मृत्यूंनीही टक्केवारी उसळते. आणि शेवटी: ‘ज्यांनी ऑपरेशन थिएटरचं दार कधी ओलांडलं नाही, त्यांनी मृत्यूंचे हिशेब मांडू नयेत.’

छोट्या संख्येबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. वर्षभरातल्या मोजक्या केसेसवरून कुणाला चांगला-वाईट सर्जन ठरवता येत नाही. लेखात मी तसं ठरवलेलंही नाही.

पण ते शेवटचं वाक्य मला लागलं. का, ते सांगते. निवृत्त होईपर्यंत मी एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एका रुग्णालयात क्लिनिकल कोडर होते. पेशंटला डिस्चार्ज मिळाला किंवा तो दगावला, की त्याचे केसपेपर आमच्या टेबलावर यायचे. सर्जनचं अक्षर लावायचं, निदानाला आयसीडी-10 या आजारांच्या यादीतला कोड द्यायचा, ऑपरेशनला ओपीसीएस-4 या शस्त्रक्रियांच्या यादीतला. मधुमेह, किडनीचा जुना त्रास असं काही नोंदवायचं राहिलं, तर पेशंट कागदावर धडधाकट दिसतो आणि त्याचा मृत्यू सर्जनच्या माथी येतो. तसा अन्याय तुमच्यासारख्यांवर होऊ नये म्हणूनच आम्ही पान न् पान वाचायचो. थिएटरच्या आत मी कधी पाऊल टाकलं नाही, खरंय. पण हा सगळा हिशेब ज्या नोंदींवर उभा आहे त्या आम्ही केल्या, आणि आम्हीच तोंड उघडायचं नाही?

माझे सासरे आतड्याच्या ऑपरेशननंतर घरी आले आणि आठवड्याच्या आत घरीच वारले. रुग्णालयाच्या दप्तरी ते बरे होऊन घरी गेलेले पेशंट. नोंद खोटी नव्हती, अपुरी होती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाकडच्या मृत्युनोंदी रुग्णालयांच्या नोंदींना जोडल्या, तरच असा माणूस मोजला जातो. म्हणून मोजायचं ते ऑपरेशनपासून 30 दिवसांपर्यंत, मग मृत्यू वॉर्डात होवो की घरी. माझा लेख होता तो यावर. त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही.

हिशेब आतल्यांनीच मांडावा, असं तुमचं म्हणणं असेल तर ब्रिस्टल आठवा. स्टीफन बोल्सिन भूलतज्ज्ञ होते, म्हणजे थिएटरच्या आतलेच. 1988 मध्ये ते ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात आले. हृदयाच्या ऑपरेशननंतर लहान मुलं दगावताना त्यांनी पाहिली आणि स्वतः आकडे जमवले. त्यांच्या बरोबरीच्या, वरच्या लोकांनी ते मनावर घेतलं नाही. शेवटी बोल्सिन ऑस्ट्रेलियाला निघून गेले. या मृत्यूंच्या सार्वजनिक चौकशीचा, म्हणजे केनेडी चौकशीचा, अहवाल 2001 मध्ये आला. 1991 ते 1995 या काळात, इतर केंद्रांच्या मानाने अपेक्षित होते त्यापेक्षा, एक वर्षाखालची 30 ते 35 बाळं तिथे जास्त गेली होती. त्या आईबापांपैकी कुणी थिएटरचं दार ओलांडलेलं नव्हतं. त्यांनीही विचारायचं नव्हतं का?

राहिला जोखमीच्या पेशंटचा मुद्दा. वायव्य इंग्लंडमध्ये 1997 ते 2005 या काळात बायपासनंतरचे मृत्यू 2.4 टक्क्यांवरून 1.8 टक्क्यांवर आले आणि जास्त जोखमीच्या पेशंटचं प्रमाण उलट वाढलं. आकडे तर याच काळात उघड होऊ लागले होते. न्यूयॉर्कमध्ये मी आता शिरत नाही.

तुमच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. तो सांगा, जरूर सांगा, पण दुसऱ्याला गप्प बसवायला तो वापरू नका. तुम्ही ऑपरेशन केलेल्या पेशंटांपैकी घरी गेल्यावर, पण ऑपरेशनपासून 30 दिवसांच्या आत किती दगावले, हे तुम्हाला माहीत आहे का? आकडा असेल तर इथेच लिहा. एक अक्षरही न बदलता तो इथे राहील.