ऑस्ट्रेलियाचा पीआर काढायचाय? आधी जन्म वेळेवर घ्या

पीआर म्हणजे तिथे कायम राहायचा व्हिसा, तो पॉइंट मोजून देतात. ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवलंच असेल तर पहिली तयारी म्हणजे जन्म योग्य साली घ्या. तिकडून बोलावणं येईल त्या दिवशी तुमचं वय २५ ते ३२ मध्ये बसायला हवं, त्याचे पूर्ण ३० पॉइंट मिळतात, ३३ वा वाढदिवस उजाडला की केक कापता कापता त्यातले पाच गेले, चाळिशीत पोचलात की १५ च उरतात आणि ४५ पूर्ण झाली की तुमचा अनुभव, पगार, हिंजवडीतला टू बीएचके सगळ्याला लांबूनच नमस्कार. एकूण ६५ पॉइंट लागतात असं सरकारी वेबसाइटवर लिहिलंय. ते वाचून खूश व्हायला काहीच हरकत नाही. ६५ म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, आणि तुमच्यापुढे जे उभे आहेत ते ८५, ९० घेऊन आलेत.

आता लग्न. शक्यतो करू नका. एकटा जीव सदाशिव असलात तर १० पॉइंट तसेच पदरात पडतात. बायको किंवा नवरा तुमच्यासारखाच स्किल्ड, पंचेचाळिशीच्या आतला आणि इंग्रजीची परीक्षा दिलेला असेल तरी १० च, नुसतं कामापुरतं इंग्रजी सिद्ध केलं तर ५, आणि तेही नसेल तर भोपळा. पत्रिकेत ३६ पैकी ३० गुण जुळले तरी कॅनबेराला त्याचं काही सोयरसुतक नाही. तेव्हा स्थळं बघताना बायोडेटात उंची, गोत्र, पॅकेजच्या खाली आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे बँड, म्हणजे मार्क, मागून घ्या. एकनाड असली तर चालवून घेता येईल पण रायटिंगमध्ये साडेपाच नको.

अनुभवाबद्दल फार बोलत नाही, आयटीवाले असाल तर तुमची कागदपत्रं एसीएस नावाची संस्था तपासते आणि तुमच्या नोकरीची पहिली दोन-चार वर्षं तुम्ही शिकतच होतात असं ठरवून कापून टाकते. (खरं सांगायचं तर या एका बाबतीत त्यांचं चुकत नाही.)

मुख्य विषय इंग्रजी. तुमचं शिक्षण बालवाडीपासून इंग्लिश मीडियममध्ये झालं, दिवसभर मेल इंग्रजीत, क्लायंट मेलबर्नचाच आणि तो रोज सकाळी साडेसहाला तुमच्याशी इंग्रजीतच भांडतो, तर यातलं काहीही कुठे बोलू नका, हा पुरावा होत नाही. पुरावा म्हणजे सतरा-अठरा हजार रुपये भरून परीक्षेला बसायचं. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड किंवा आयर्लंडचा पासपोर्ट असेल तर कामापुरतं इंग्रजी आपोआप येतं, बहुतेक पासपोर्टच्या मागच्या पानावर छापूनच देत असावेत. आपल्या पासपोर्टवर ती सोय नाही.

आयईएलटीएसला चारही भागांत ७ पडले तर १० पॉइंट, चारहीत ८ पडले तर २०. लिसनिंग ९, रीडिंग ९, स्पीकिंग साडेआठ आणि रायटिंग साडेसात असं झालं तर २० नाही, १० च. रायटिंगवालं साडेसात हे आपलं राष्ट्रीय दुखणं आहे, त्यावर उपाय म्हणजे परत सतरा-अठरा हजार. जाताना पाण्याच्या बाटलीचं लेबल घरीच सोलून ठेवा, लेबल असलेली बाटली आत नेऊ देत नाहीत, 'मिनरल वॉटर' एवढं इंग्रजी वाचून कोणी आठ बँड मारून नेले तर?

स्पीकिंगला समोरचा परीक्षक कार्ड देतो, एक मिनिट विचाराला, मग दोन मिनिटं सलग बोलायचं. समजा आलं की तुम्ही खूप वाट पाहिल्याचा एखादा प्रसंग सांगा. इथे चुकूनही खरं सांगू नका. खरा प्रसंग आरटीओचा असतो, तो मराठीत घडलेला असतो आणि तो सांगताना मध्ये अं, अं येतं. त्यापेक्षा लंडनला एक मावशी करा, तिला विमानतळावर आणायला जा, फ्लाइट लेट करा, हवं तेवढं धुकं पाडा. मार्क बोलण्याचे असतात, मावशी खरी आहे का हे कोणी विचारत नाही.

माणसांचा वैताग आला असेल तर पीटीई ही दुसरी इंग्रजीची परीक्षा द्या, तिथे कॉम्प्युटरशी बोलायचं. एका खोलीत सगळे हेडफोन लावून एकाच वेळी बोलत असतात, शेजारचा गव्हाच्या निर्यातीचा पाय चार्ट वाचतोय, पलीकडची समुद्री कासवांवर तावातावाने सांगतेय, आणि तुम्ही तीन सेकंद गप्प बसलात की माइक बंद. म्हणजे विचार करून बोलायची सवय असेल तर ती आधी मोडा. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातच राहणारी एक आयरिश जनावरांची डॉक्टर, मातृभाषा इंग्रजी, दोन डिग्र्या इंग्रजीतल्या, या परीक्षेच्या बोलण्याच्या भागात ७९ लागत होते तिथे ७४ वर अडकली. परीक्षेत काही दोष नाही असं परीक्षा घेणाऱ्या कंपनीचं म्हणणं पडलं, म्हणजे दोष बाईंच्या इंग्रजीतच असणार.

हे सगळं अन्यायाचं वाटत असेल तर जरा मागे बघा, तुम्ही फार नशीबवान काळात जन्मलात. १९०१ च्या कायद्याने तिथे येणाऱ्याला ५० शब्दांचं शुद्धलेखन घालायची सोय होती, कुठल्याही युरोपीय भाषेत, आणि भाषा कुठली ते अधिकारी ठरवणार. म्हणजे तुम्हाला इंग्रजी उत्तम येत असेल तर ते दुसरी काढणार. १९०९ नंतर या परीक्षेत कोणी पास झालंच नाही. १९३४ मध्ये एगॉन किश नावाचा प्रागचा पत्रकार हिटलरविरुद्ध बोलायला आला, त्याला उतरू देईनात म्हणून त्याने मेलबर्नला बोटीवरून सरळ धक्क्यावर उडी मारली, पाय मोडून घेतला, आणि त्याला बऱ्याच युरोपीय भाषा येतात हे कळल्यावर त्याची परीक्षा घेतली स्कॉटिश गेलिकमध्ये! पुढे हायकोर्टाने ही काही कायद्यातली युरोपीय भाषा नाही असं सांगून त्याला सोडवलं, पण परीक्षा १९५८ पर्यंत चालू होती. आपल्याला निदान पेपर इंग्रजीचा आहे हे फॉर्म भरतानाच सांगतात, आणखी काय पाहिजे.

एवढं करून पाच पॉइंट कमी पडले की मग मराठी आठवते. नाटी नावाची संस्था दुभाषाची सीसीएल परीक्षा घेते, त्यात मराठीही आहे, दोन संवाद, प्रत्येकी साधारण ३०० शब्दांचे, ९० पैकी ६३ मिळाले की ५ पॉइंट. ज्या घरात 'आमच्या पिंटूला मराठी वाचताच येत नाही' हे पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे तिथला पिंटू आता तिशीत ऑनलाइन मराठीचा क्लास लावून बसलाय. संवादातल्या भाडेकरूने एकोणऐंशी डॉलर म्हटलं की त्याला घाम फुटतो आणि परीक्षेत आईला फोन करता येत नाही. जिला हे झोपेत जमलं असतं ती आजी पंचेचाळिशीच्या केव्हाच पुढे गेलेली.

मग ईओआय, म्हणजे 'मला यायचंय, बोलवा' असा अर्ज, टाका आणि वाट बघा. तो दोन वर्षं चालतो. तुमचं इंग्रजी तीन वर्षं चालतं, त्यानंतर ते नासतं असं तिथल्या खात्याचं मत आहे, तेव्हा बोलावणं उशिरा आलं तर परत बाटली सोलायला घ्या.

शेवटचं, लग्न करूनच बसला असाल तर. जोडीदाराचं जुजबी इंग्रजीसुद्धा दाखवता आलं नाही तर त्याच्यापोटी जवळपास ४,९०० डॉलर वेगळे भरायला लागतात, पण पदवी इंग्रजीतून झाली असं कॉलेजचं पत्र दिलं तर ते वाचतात. तेव्हा बायकोला घेऊन तिच्या तालुक्याच्या कॉलेजात जा. क्लार्क आधी बोनाफाइडच देईल, ते नको म्हणून सांगा, मग तो विचारेल हे कशाला लागतं, मग तुम्ही ऑस्ट्रेलिया म्हणाल, मग तो त्याच्या भाच्याबद्दल विचारेल. चहा होईल. शेवटी लेटरहेडवर 'धिस इज टू सर्टिफाइड दॅट हर मीडियम वॉज इन इंग्लिश' असं टाइप होऊन गोल शिक्क्यासकट हातात येईल. तसंच स्कॅन करून अपलोड करा. दुरुस्त करून मागायला जाऊ नका, नवीन पत्रावर प्राचार्यांची परत सही लागते आणि ते सोमवारपर्यंत रजेवर आहेत.